एकेचाळिसाव्या फोटोतला पिवळा ढग

निरीक्षक स्वतःबद्दल बोलू लागले की ऐकणाऱ्याने आधी बसायला खुर्ची शोधावी, हे त्यांच्या मेहुण्याला अनुभवाने ठाऊक होते.

"निरीक्षण हा माझा पेशा नव्हे, ती माझी प्रकृती आहे," निरीक्षक म्हणाले. "जिना चढणाऱ्याच्या नुसत्या पावलांवरून मी त्याचे वय, व्यवसाय आणि त्याला कोणता बूट चावतो, डावा की उजवा, हे सांगू शकतो."

वजनमापे खात्यात बत्तीस वर्षे दुकानांतले तराजू तपासून ते निवृत्त झाले होते. एवढ्या काळात त्यांनी पुष्कळ तराजू पकडले. माणूस एकही नाही. ती कसर ते आता नातेवाइकांकडे भरून काढत.

मेहुणा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ, निवृत्त ड्राफ्ट्समन होता. मागच्या खोलीत दोन टेबले जोडून त्याने एक रेल्वे स्टेशन उभारले होते, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. फलाट, लाकडी बाक, पाण्याची टाकी, मागे फळीवर रंगवलेले आकाश. या स्टेशनात त्याचे वडील स्टेशनमास्तर होते. तो आणि ताई, म्हणजे निरीक्षकांची पत्नी, याच फलाटावर वाढले. खरे स्टेशन केव्हाच पाडले गेले होते आणि त्याचा एकही फोटो घरात नव्हता. आज ताईला सत्तर वर्षे पूर्ण होत होती. संध्याकाळी पाचला ती आली की तिच्या हातात त्या स्टेशनाचा फोटो ठेवायचा, एवढीच त्याची इच्छा होती. याआधी पाठवलेले दोन फोटो पाहून ताईने कळवले होते, "छान आहे हो खेळणं." तो शब्द त्याला फार लागला होता.

"भावोजी, हे बघा," ड्राफ्ट्समनने फोटो चिकटवलेली वही उघडली. "काल फोन स्टँडवर लावला, दर दोन मिनिटांनी आपोआप एक फोटो. चाळीस निघाले, चाळीसही खेळणी. एकेचाळिसावा मात्र हा असा."

निरीक्षकांनी भिंग काढले. फोटोत फलाट लांबवर गेला होता, बाकाची सावली आडवी पसरली होती, आणि इंजिन असे अंगावर येत होते की निरीक्षक नकळत एक पाऊल मागे सरले. वरच्या कोपऱ्यात मात्र मोठा पिवळा डाग होता.

"हा डाग नसता तर हाच दिला असता. बेचाळिसाव्यापासून पुन्हा खेळणं! आज साठ काढले, सगळे तसेच. फलाटापासून फोनची उंची एकशेवीस सेंटिमीटर, दिवे चार, पडदा बंद. काहीही बदललेलं नाही."

"त्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"खाली. पाण्याचा मीटर बघणारा आला होता."

"अस्सं!" निरीक्षकांचे डोळे चमकले. "म्हणजे त्याने तुम्हाला खाली गुंतवलं, आणि त्याच्या साथीदाराने फोनमध्ये खऱ्या स्टेशनाचा फोटो सरकवला."

"खरं स्टेशन पाडून तीस वर्षं झाली, भावोजी."

"म्हणूनच कुणाला संशय येणार नाही."

हा सिद्धांत गळून पडल्यावर निरीक्षकांनी दुसरा मांडला. चाळीस फोटोंनंतर माणसाप्रमाणे कॅमेऱ्यालाही चाळिशी लागते आणि त्याला जग निराळे दिसते. मग बेचाळिसावा जुन्यासारखाच का आला, या प्रश्नावर त्यांनी मेहुण्याकडे खेदाने पाहिले आणि पिवळ्या डागाकडे मोर्चा वळवला.

"हा ढग आहे. वादळापूर्वीचा. कालचं वर्तमानपत्र आणा, हवामान पाहू."

"भावोजी, खोलीत?"

"वातावरण सगळीकडे असतं, मेहुणेबुवा."

तीन वाजले. निरीक्षकांनी टेबलाची लांबी, दाराची रुंदी आणि मेहुण्याची उंची मोजून घेतली होती. ड्राफ्ट्समन घड्याळाकडे पाहत होता. यंदाही ताईला खेळणेच मिळणार, हे त्याने मनोमन मान्य करत आणले होते. तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता तिची नजर फोटोवर गेली.

"अगंबाई, माझं फडकं!"

"कोणतं फडकं?" दोघे एकदम.

"हे काय, पिवळं. काल तुम्ही खाली गेलात तशी आत शिरले. धुळीने खोलीची काय दशा झाली होती! तुमच्या त्या आकाशावर फडकं अडकवलं, खिडकी उघडली, उगाच जळणारे दिवे बंद केले. स्टँड पुसायचा म्हणून फोन फलाटावर टेकवून ठेवला. उलटा. मग दोन-तीन मिनिटांत सगळं होतं तसं लावून निघाले."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते, तर 'हात का लावलास' म्हणून आठवडाभर ऐकावं लागलं असतं. आणि हे भावोजी सकाळपासून चौकशी करताहेत, पण मला विचारलं काय? तर साखर कमी घालाल का!"

ड्राफ्ट्समनने वहीच्या कोपऱ्यात गणित मांडले. एकशेवीस सेंटिमीटर गुणिले सत्त्याऐंशी, म्हणजे शंभर मीटरहून जास्त. "इतक्या उंचीवरून मी स्टेशन बघत होतो," तो पुटपुटला.

"तिथून घार बघते," बायको म्हणाली. "माणूस फलाटावर उभा राहतो."

या फलाटावरच्या माणसाचे डोळे जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरवर यायचे. फोन उलटा धरला की त्याच्या कॅमेऱ्याची काच नेमकी तिथे येत होती. आणि चार दिवे म्हणजे चार सूर्य. एका बाकाला चार सावल्या त्याने आजवर निमूटपणे पाहिल्या होत्या. खिडकी उघडली. दिवे मालवले. फोन फलाटावर उलटा टेकवला. ड्राफ्ट्समनच्या बायकोच्या खांद्यावरचे फडके निरीक्षकांनी जातीने ताब्यात घेतले, पुरावा म्हणून.

पाचला पाच कमी असताना फोटो छापून आला. ताई आली, चष्मा लावला, फोटो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हा कुठे सापडला रे तुला?" तिने विचारले. "आपल्याकडे एकही नव्हता ना? आणि मी का नाही यात? मी तर सदान्‌कदा याच बाकावर असायचे."

ड्राफ्ट्समनने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. "शाळेत गेली असशील, ताई."

"हो, ऊन सकाळचंच दिसतंय," ती म्हणाली आणि बाकावरून हलकेच बोट फिरवत राहिली.

निरीक्षक खाकरले. उलगडा सांगण्यासाठी ते खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. मग पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहून ते पुन्हा खाली बसले. आयुष्यात प्रथमच त्यांनी एक सुटलेले प्रकरण कुणालाही न सांगता मिटवले. ते त्यांनी सोडवले नव्हते, ही बाब अलाहिदा.