स्नेहलचा ठिपका

शिवाजी पेठेतल्या कोपऱ्यावरच्या दूध डेअरीचे मालक बाळासो साळोखे यांना एखादी बातमी पोटात ठेवायला सांगणं म्हणजे म्हशीला जिना चढायला सांगण्यासारखं होतं. पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करणारी त्यांची लेक स्नेहल सुट्टीला घरी आली आणि जेवताना सहज म्हणाली, की एका दूरच्या ताऱ्याच्या फोटोत त्याच्याशेजारी बारीक ठिपका दिसतोय, कदाचित ग्रह असेल. त्यातलं ‘कदाचित’ ताटातच राहिलं. सकाळी पहिली किटली भरता भरता बाळासोंनी तालमीचे अध्यक्ष हंबीरराव यांना सांगून टाकलं, "आमच्या स्नेहलनं ग्रह धरलाय."

"कुठं?"

"आभाळात. फोटो हाय तिच्याकडं."

संध्याकाळी चौकात डिजिटल बोर्ड लागला. त्यावर अंतराळवीराच्या पोशाखात स्नेहल, शेजारी कडीवाला शनी, आणि खाली तालमीच्या यच्चयावत कार्यकर्त्यांचे चेहरे, प्रत्येक चेहरा शनीपेक्षा मोठा. ‘पेठेची ग्रहकन्या. रविवारी जाहीर सत्कार.’

स्नेहलनं बोर्ड बघितला आणि गाडी तशीच डेअरीकडं वळवली. पेठेत आली की ती इथल्या पोरींसारखी ‘आलो-गेलो’च बोलायची.

"आबा, मी कदाचित म्हणालो हुतो."

"मग त्यात काय राहिलंय आता?"

"मोजायचं राहिलंय. तारा एका जागी थांबत न्हाय, सरकत असतोय. ठिपका त्याचा ग्रह असला तर त्याच्यासंगट सरकणार. लांबचा, मागचा दुसराच तारा असला तर हाय तिथंच राहणार. जुन्या आणि नव्या फोटोत ठिपक्याची जागा केसाइतकी बी न चुकता मोजायची, मग कळणार."

बाळासोंनी विचार केला. "म्हंजे स्कूटरवर मागं बसलेली बाई, न्हायतर रस्त्याकडंचा खांब."

"व्हय. बाई हाय का खांब, तेच बघायला लागलोय."

"मग बघ की. रविवार लांब हाय अजून."

स्नेहल लॅपटॉप घेऊन माडीवर बसली. पहिल्या मोजणीत ठिपका ताऱ्याबरोबर गेल्यासारखा वाटला. पण मधल्या काळात दुर्बिणीवरचा कॅमेरा काढून पुन्हा बसवला होता आणि तो किंचित तिरका बसला होता. म्हणजे फोटोतली उत्तर दिशा ही खरी उत्तर दिशा नव्हतीच. ज्यांच्या जागा पक्क्या ठाऊक आहेत असे तारे घेऊन तिनं दिशा दुरुस्त केली, सगळं पुन्हा मोजलं. रविवारी दुपारी ती खाली आली.

"आबा, खांब हाय."

बाळासो दुधाच्या रिकाम्या कॅनवर मटकन बसले. बाहेर मंडपवाला खुर्च्या लावत होता.

"आजच्या दिवस बाई राहू दे की," ते हळूच म्हणाले. "उद्या खांब कर."

"न्हाय. स्टेजवर खरं हाय तेच सांगणार. न्हायतर येतच न्हाय."

बाळासोंना त्या क्षणी लेकीचा राग आला. मग बोर्डावरचे चेहरे आठवून घाम आला. पण ती तयार होऊन निघाली, तेव्हा ते मागोमाग गेले.

फेटा बांधून झाला. स्नेहलनं माईक हातात घेतला. "तो ग्रह नाही. मागचा तारा आहे. मी मोजून बघितलं."

हंबीरराव कानाशी येऊन म्हणाले, "बारका ग्रह म्हण की. कोण बघायला जातंय?"

"मी गेलतो की बघायला," स्नेहल माईकवरच म्हणाली.

कुणीतरी सुचवलं, हात वर करून ठरवूया. भराभर हात वर झाले आणि पेठेनं प्रचंड बहुमतानं तो ग्रह असल्याचं मंजूर केलं. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, "दुधासारखाच बाळासोंचा ग्रह बी पातळ निघाला."

हशा पिकला. आणि बाळासो उठले. आयुष्यात कधी माईक न धरलेला माणूस, त्यांनी तो नांगरासारखा दोन्ही हातांनी धरला.

"बोर्डावर ग्रह मी चढवला, हिनं न्हाय. हिनं मोजला, आणि न्हाय म्हणून भर पेठेत सांगितलं. सोताच्या सत्काराला येऊन असं बोलणारा एक तरी दाखवा मला. तुम्ही हात वर केले म्हणून आभाळातला तारा हलत न्हाय. त्या न्हायसाठी सत्कार करायचा असंल तर करा. न्हायतर फेटा सोडून न्या."

मग हंबीररावांनी पुढं होऊन स्नेहलचा फेटा आणखी घट्ट केला. टाळ्या अशा पडल्या, की बोर्डाचा एक कोपरा सुटला.

स्नेहल पुण्याला गेली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला.

"आबा, त्याच फोटोत आणखी एक ठिपका घावलाय. ताऱ्याच्या अगदी जवळ, उजेडात बुडालेला. दिशा नीट लावून मोजलाय. ताऱ्यासंगटच सरकतोय."

बाळासोंनी हातातलं माप खाली ठेवलं. "बाई?"

"बाईच दिसतीया. पण अजून तपासणार हाय. तवर एक शब्द बाहेर जाता कामा न्हाय."

"मेलो तरी सांगायचो न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाळासोंनी खरोखरच तोंड उघडलं नाही. फुटबॉलच्या मॅचवर भांडण झालं, ते नुसतं ‘हं’ म्हणाले. कुणी दुधाला नावं ठेवली, तरी ‘हं’ म्हणाले. दात आवळून, मान ताठ ठेवून ते माप ओतत राहिले.

हंबीरराव बराच वेळ त्यांच्याकडं बघत उभे होते. मग किटली खाली ठेवून ते दारात गेले आणि रस्त्यावर हाक मारली,

"मंडपवाल्याला बोलवा रं. बाळासो गप्प हाय."