दादूला काढा हो कुणीतरी!

धर्मराजशेठच्या पनवेलच्या भातगिरणीत रजा नावाचा प्रकारच नव्हता. "आमच्या बाबांनी कधी दिली नाही, मी कशाला देऊ?" हा शेठचा बाणा. मग गड्याने गावी जायचं कसं? त्याचीही सोय होती! काहीतरी आगळीक करायची, शेठना तापवायचं. शेठ ओरडायचे, "चालता हो! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" की गडी मोकळा. परतताना एक ताजा जिताडा आणायचा. शेठ मासा हातात तोलून पाहायचे आणि म्हणायचे, "जा, लाग कामाला." न काढता कोणी गेला, तर मात्र त्याच्या जागी दुसरा उभा राहायचा.

दादू गव्हाणचा. वर्षातून एकदा तिथे खाडीकाठच्या तळ्याचं पाणी सोडून सारा गाव मासे धरायचा. ज्या घरचा बाप्या चिखलात उतरेल, त्याच घराला वाटा. आणि यंदा त्याच्या लेकीचा, हौसाचा नवरा, नवाकोरा जावई, पहिल्यांदाच जेवायला येणार होता! तळं उद्याच सोडणार होते; दादूला तिथे हजर राहणं भागच होतं.

पण घात झाला. त्याच सकाळी कमळाकर वकील पेपर फडकवत गिरणीत शिरले.

"शेठ, वाचलंत का? एका मालकाने रागाच्या भरात कामगार काढला. कोर्टाने तो परत बसवला! वर घरी बसल्या दिवसांचा पगार!"

"घरी बसल्याचा?" शेठ गादीवरून उडालेच.

"मग! आरोप लेखी द्यायचा, त्याचं ऐकून घ्यायचं, रीतसर चौकशी करायची. नुसतं 'चालता हो' म्हणालात, की मेलात!"

आजवर आपण कुणाकुणाला काय काय म्हणालो, ते आठवून शेठना दरदरून घाम फुटला.

एवढ्यात दादू आला, मुद्दाम उशिरा.

"या दादू, या. ऊन लागलं असेल. पाणी घ्या."

दादूने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग तो कोंड्याच्या पोत्यांवर आडवा झाला आणि घोरू लागला. शेठ इतरांवर खेकसले, "हळू बोला रे, माणूस दमलाय!"

दादू हबकला. उठला तो थेट शेठच्या गादीवर बसला, शेठचा चहा प्यायला आणि म्हणाला, "साखर कमी हाय!"

"अहो ऐकलंत का, साखर आणा!" शेठनी आत हाक मारली. सोनाबाई साखर घेऊन आल्या आणि आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुपार झाली. दादू रडकुंडीला आला. शेवटी त्याने शेठच्या घरच्या जेवणाच्या तांदळाचं पोतं उचललं आणि धडाधडा कोंड्यात ओतलं! गिरणी थांबली. सगळे गडी जमले. शेठच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"चाल..."

"बोला शेठ, बोला!" दादूचा चेहरा उजळला.

"शेठ, कोर्ट!" सकाळपासून तिथेच ठाण मांडून बसलेले वकील किंचाळले.

"चाल... चालायचंच," शेठनी उरलेला शब्द गिळला. "माणूस आहे, चुकतो."

दादूने खालीच बसकण मारली. "माजा काय चुकला, शेठ? दर वर्साला तुमी मना काढताव, आनि जावय यायचा त्याच वर्साला नाय? उद्या मी नाय गेलो तर वाटा नाय. पोरीच्या घोवाला काय कोंडा वाढू? काढा वो मना!"

वकिलांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग रजा द्या ना त्याला! भरपगारी! हेही कायद्यातच आहे."

शेठनी डोळे मिटले, वडिलांच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, "दिली!"

गड्यांनी टोप्या उडवल्या. दादू तर पोत्यांवरून उड्या मारत पळाला.

परत आला तो हसत हसत. भरघोस वाटा मिळाला होता, जावयाने बोटं चाटली होती. इकडे शेठ सकाळपासून दाराशी उभे. वकीलही जेवायला येऊन पाटावर बसलेले. आतून सोनाबाई ओरडल्या, "वाटण तयार आहे हो, मासा पाठवा!"

शेठनी दादूचे हात पाहिले. रिकामे!

"दादू, जिताडा कुठाय?"

"कसला जिताडा, शेठ?"

"अरे, दर वर्षी आणतोस तो!"

"तो परत कामाला घ्यायचा व्हता," दादू भाबडेपणाने म्हणाला. "यंदा तुमी मना काढलाव कुठं?"

आणि तो सरळ कामाला लागला. शेठ गरकन वकिलांकडे वळले. परवापासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"चालते व्हा! उद्यापासून तोंड दाखवू नका!"

वकील पाटावरून तसूभरही हलले नाहीत. "असं कसं शेठ?" ते म्हणाले. "आधी माझी चौकशी करा. आणि तोवर, असेल ते वाढा."