अबईच्या दाण्यांनी तांबट पेठेची विहीर पारखिली त्याची हकीकत

श्रीजलदेवतेचे स्मरण करून, जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, वैशाखमासी राज्याचे तांबट पेठेत पोरांस ओकाऱ्या होऊ लागल्या आणि पोटे पिळवटू लागली. चारी विहिरींचे पाणी तो आरशासारखे. दिवाण बोलिले, "पोरे कैऱ्या खातात, दुसरे काय!" तेव्हा पेठेतील भिवाशेट तांबट यांची लेक वेणूबाई, रसशाळेत रसायनाची विद्या करून आलेली, तिणे अबईच्या शेंगांच्या दाण्यांतून विकर, म्हणजे पदार्थ फोडणारे जैवद्रव्य, काढिले आणि शिसपेन्सिलीच्या कांडीवर बसवून त्यास विजेचा काटा जोडिला. पाण्यात युरिया कालवून कांडी बुडविता विकर युरियास फोडी आणि काटा हाले. परंतु पाण्यात तांबे उतरले असल्यास विकराची शुद्ध हरपे आणि काटा जागचा न हाले. मग बाईंनी भर दुपारी यंत्र दरबारी नेले, तो चारी पाण्यांत काटा निपचित. दिवाणांनी आपले झारीचे पाणी दिले, तेथेही तेच. "बाई, सारे राज्यच विष पिते काय?" म्हणताच दरबार खदखदा हसला. बाई मान खाली घालून परतल्या, दोन दिवस अन्न गोड लागेना. मग उमजले की उन्हाने विकरच नासले.

त्याउपरि नव्या कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेविल्या, आणि आधी शुद्ध पाण्यात काटा हालतो हे पाहून मग एकेक विहीर तीन तीन वेळा पारखिली. तीन विहिरी निर्दोष निघाल्या. चौथीस काटा तिन्ही वेळा हालला नाही, आणि ती विहीर भिवाशेटींचे भट्टीमागील. बाई तडक घरी येऊन बोलिल्या, "आबा, विहीर आपलीच. तांबेही आपलेच. भांडी उजळून तेजाबाचे आम्ल पाणी परसात ओततो, ते तांबे घेऊन झिरपते."

"माझ्या बापानेही तेथेच ओतले. तुझा काटा चुकला असेल, वेणू."

"एकदा चुकला होता, आबा. म्हणून या वेळी तीनदा पाहिले."

मग म्हातारा उठला, पागोटे बांधून लेकीसह दरबारी जाऊन म्हणाला, "अपराध माझे भट्टीचा. विहीर बंद करावी." दिवाण वरमले, मोठे रसशाळेत पाणी धाडिले, तेथेही तांबेच निघाले. मग विहीर बंद जाहली, तेजाबाकरिता चुन्याचे पक्के हौद बांधिले, आणि श्रावणापावेतो पोरे पुन्हा हुंदडू लागली.

सारांश इतकाच. आता दर पंधरवड्यास पेठेत उरल्या विहिरींचे पाणी पारखितात. भिवाशेट काटा हालेपावेतो काठावर उभे राहतात आणि पहिला घोट आपण घेतात.