प्रसादचं कोम्नेनोस घराणं

मुलांनो,

हायडेलबर्गच्या आमच्या इमारतीत, अगदी वरच्या छपराखालच्या खोलीत, प्रसाद कानिटकर राहतो. एका रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं होतं. दारात बूट काढण्याआधीच तो म्हणाला, "काकू, मला श्रीखंड वाढू नका. सुतक आहे."

"अरे देवा! कोण गेलं?"

"मॅन्युएल."

विद्यापीठातला कोणी मित्र असेल असं समजून तुमच्या आजोबांनी टीव्ही बंद केला. चौकशीअंती कळलं, की मॅन्युएल हा कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट आणि त्याला जाऊन आठशेहून जास्त वर्षं झाली आहेत. फक्त त्याच्या मृत्यूचं पान प्रसादने त्या सकाळी लिहून संपवलं होतं.

"मग दहा दिवस दाढी नाही का?" आजोबांनी विचारलं.

"छे हो काका, लांबचं नातं. तीन दिवस पुरे."

प्रसाद मूळचा सांगलीचा. मध्ययुगातल्या ग्रीक बोलणाऱ्या साम्राज्यावर राज्य करणाऱ्या कोम्नेनोस घराण्यावर तो सात वर्षं प्रबंध लिहीत होता. हे लोक भारी महत्त्वाकांक्षी. गादी बळाने घेतली, गेलेला मुलूख परत मिळवायचा ध्यास घेतला आणि मोठमोठ्या जागांवर भाऊ, मेहुणे, जावई बसवले. प्रबंध इंग्रजीत होता आणि त्यातले स्वल्पविराम माझ्याकडे होते. दर मंगळवारी चार वाजता प्रसाद छापील पानं घेऊन यायचा, मी लाल पेन्सिल घेऊन बसायची आणि तो चहा पीत सासरकडच्या मंडळींविषयी बोलावं तसं बोलायचा.

"आमचा अलेक्सिओस लढवय्या खरा, पण आईपुढे गप्प. मोहिमेवर निघाला तर सगळा कारभार आईच्या नावे लेखी करून गेला. लेखी, काकू!"

"शहाणा मुलगा," मी म्हणायची.

"गेनाऊ!" अगदी बरोबर, या अर्थाचा हा त्याचा आवडता जर्मन शब्द. कुठलीही गोष्ट पटली की गेनाऊ.

त्याच्या सम्राटांचा आम्हाला उपयोगही झाला. गणेशोत्सवाच्या अध्यक्षपदावरून आमच्या मंडळात जोशी आणि देशमुख हटून बसले होते. अलेक्सिओसने मेहुण्याला मोठा किताब दिला आणि थोरला भाऊ नाराज होऊ नये म्हणून त्याच्यासाठी त्याहून मोठा, नवाकोरा किताब तयार केला, ही हकिकत प्रसादने भर सभेत सांगितली. जोशी अध्यक्ष झाले. देशमुखांना मिळालं 'सेबास्तोक्रातोर'. त्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही, पण आरतीला पहिला मान अजून त्यांचाच असतो.

सगळं छान चाललं होतं, फक्त प्रबंध संपत नव्हता. शेवटचं एकच प्रकरण उरलं होतं. मॅन्युएलच्या मागे त्याचा लहान मुलगा गादीवर येतो, नात्यातलाच आन्द्रोनिकोस त्याला मारून गादी बळकावतो, मग लोक आन्द्रोनिकोसला मारतात आणि घराण्याची सत्ता संपते. प्रबंध त्या सुतकाच्या रविवारनंतरच्या शुक्रवारपर्यंत द्यायलाच हवा होता, नाहीतर राहण्याचा परवाना वाढणार नव्हता आणि सात वर्षांवर पाणी सोडून सांगलीला परतावं लागणार होतं. आणि हा पठ्ठ्या मंगळवारी काय घेऊन आला? अलेक्सिओसच्या आईवर आणखी चार पानं.

"प्रसाद, या बाई दुसऱ्या प्रकरणात वारल्या आहेत. त्यांना पुन्हा उठवू नकोस."

"त्यांचा स्वभाव नीट आलेला नाही, काकू."

"तुझा आलाय. उद्या सकाळी नऊ वाजता लॅपटॉप घेऊन इथे यायचं."

बुधवारी मी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि फोन माझ्या कपाटात ठेवला. दुपारी त्याने पोराला मारलं. गुरुवारी साडेचारच्या सुमारास आन्द्रोनिकोसही गेला. मी शेवटचं पान तपासलं. एक स्वल्पविराम कमी होता, तो घातला आणि पान त्याच्यापुढे सरकवलं.

"झालं. उद्या देऊन ये."

मला वाटलं, गेनाऊ म्हणून उडी मारेल. तो पानाकडे बघत बसला.

"काकू, मी एकुलता एक. आई-बाबा गेल्यावर सांगलीच्या घराला कुलूप लावून इथे आलो. पण या सात वर्षांत सकाळी उठलं की कुणी रुसलेलं असायचं, कुणाचं लग्न ठरलेलं असायचं, भाऊ-बहीण भांडत असायचे. भरलं घर होतं. शनिवारपासून मी एकटाच."

लाल पेन्सिल हातात होती, पण इथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"शनिवारी साडेबाराला जेवायला ये," मी म्हटलं. "काका तुझ्याशी भांडणार आहेत."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "मी? कशावरून?"

"ते तो आल्यावर ठरवू."