मदरच्या मागचा एस

इंग्रजी शिकाले शाळा लागते, असं ज्याले वाटते त्यानं एकदा मले भेटावं! मी दुसरी पास. तिसरीत गुरुजीशी भांडून घरी आलेली बाई. पण इंग्रजी व्याकरणातली एक मोठी चूक मी एका दुपारी दुरुस्त केली. पुढं ते व्याकरण माह्यावरच उलटलं, तो भाग वेगळा.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. माहा पोरगा केवलराम तिथं खलाशी, म्हंजे जड सामान उचलणारा मजूर. कारखान्याजवळच्या मरोदा गावात एका टिनाच्या खोलीत आम्ही चौघं: मी, माहे मालक देवाजी, केवलराम अन् नवी सून नलू. मधात एक लुगडं बांधलेलं. इकडं मालक घोरत, तिकडं नवराबायको उसासे टाकत! कारखान्याचं क्वार्टर पायजेच होतं.

नलू सातवी शिकलेली. तिनं साहेबाले इंग्रजीत अर्ज लिवला अन् मले वाचून दाखवला. "माय फादर, माय मदर..."

"थांब वं! मोठ्या माणसाले आपण 'आला' म्हंतो का 'आले'?"

"'आले', आत्याबाई."

"मंग इंग्रजीत मान कसा देतात?"

"तसा मान नसते त्यात. एक असली तं मदर. जास्त असल्या तं मागं एस लावून मदर्स."

"मंग लाव तो एस! सासूले एकेरी लिवते?"

"पण अर्थ बदलते ना, आत्याबाई!"

"बदलू दे अर्थ. मान नाही गेला पायजे. अन् मामंजीच्या मागंही लाव. ते काय रस्त्यावर पडले?"

पोरगी रडकुंडीले आली, पण दोन एस लावले. जिलेबीवानी गोल, देखणे!

पंधरा दिवसांनी केवलराम धावत आला. तोंड भट्टीतून काढल्यावानी लाल! "माय, घात झाला! साहेब उद्या चौकशीले येऊन राहिला. अर्जात माह्या माया लय अन् बापही लय! खोटं निघालं तं क्वार्टर जाईन, नोकरीही जाईन!"

नलूनं पदरात तोंड खुपसलं. हसत होती का रडत होती, तिचं तिले माहीत. पण मी काय हार मानते? शेजारची सिंधुताई गाठली. एकटी विधवा बाई, जीभ माह्यापेक्षा तिखट, अन् नळावरची माही पक्की वैरीण.

"सिंधुताई, घंटाभर आमच्या मालकाची लहानी बायको हो."

"तुही सवत? मी?"

"एकच घंटा वं!"

"नवं लुगडं देशीन?"

"देते माय, देते!"

साहेब आला. हातात लाल पेन्सिल. "माताजी कितनी हैं?"

"दो, साहब!" मी सिंधुताईले पुढं लोटली. ती बया अशी लाजली, जशी कालच वरात आली! मालक खाटेवरून उठून मिशीले पीळ देऊ लागले. साहेबानं दोघींची नावं लिवून घेतली.

"ठीक है. और पिताजी?"

सिंधुताई फिस्सकन हसली.

"एकच, साहब!" मी ओरडली. "कसम से एकच! वो एस कलम से टपक गया!"

साहेबानं फादर्सच्या एसवर लाल रेघ मारली. मदर्सचा एस मात्र जसाचा तसा!

महिन्याभरानं क्वार्टर भेटलं. सेक्टर दहात, दोन खोल्यांचं, घरातच नळ! मी पेढे वाटून राहिली होती, तं सिंधुताई पेटी घेऊन दारात हजर.

"काहून आली वं?"

तिनं क्वार्टरचा सरकारी कागद माह्या नाकापुढं नाचवला. "यात नाव हाये त्या सगळ्यायनं इथंच राहा लागते. तपासणीले माणूस येईन. कोणी कमी दिसलं तं क्वार्टर वापस! सरक, मोठी, पेटी ठेवू दे."

काय करता? सरकली!

मंग एक दिवस तपासणीचा माणूस आला. डोकी मोजली, नावं मोजली. "कुछ शिकायत?"

मी तोंड उघडाच्या आधी मालकच बोलले, "कुछ नहीं साहब! एकदम बढिया इंतजाम है!"