गांगुर्डे काकांचा आभाळी

आमच्या सोसायटीतले गांगुर्डे काका भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. आधी ते तुमच्या कपड्यांकडे बघतात, डोळे बारीक करतात आणि तुमचा शर्ट कोणकोणत्या खडूंनी रंगवता येईल ते सांगून टाकतात. "दोन भाग पोपटी, एक भाग पांढरा, अन् नखभर तपकिरी." मग म्हणतात, "हां, बोला. कसं काय?"

लग्न होऊन मी या सोसायटीत आले, तेव्हा सासूबाई मला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेल्या होत्या. काकांनी आशीर्वाद द्यायच्या आधी माझा शालू निरखला. "गुलाबी, त्याच्यावर शेंदरी घासलेला, अन् नखभर तपकिरी." सासूबाई घाबरल्या. घरी आल्यावर त्यांनी शालू उलटासुलटा करून कुठे डाग पडलाय का ते अर्धा तास शोधलं.

हे नखभर तपकिरी म्हणजे काकांचा जीव की प्राण. तपकिरी खडू अंगठ्याच्या नखानं खरवडायचा आणि जो काही रंग कागदावर असेल त्यात तो भुगा चोळायचा. "कोरा रंग खोटा वाटतो, पोरी. तपकिरी पडला का खरा होतो." आंबा असो, मोर असो, अंतराळवीर असो, काकांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक चित्राला जरा माती लागलेली असते.

याचं मूळ नांदगावात आहे. काका तिथल्या शाळेत शिकले. घरी खडूंची पेटी येण्याचा प्रश्नच नव्हता. चौथीत गुरुजींनी वर्गातल्या जुन्या पेटीत उरलेले तीन तुकडे त्यांना दिले. तपकिरी, पांढरा आणि पोपटी. उरलेले म्हणजे कुणालाच नको असलेले. त्या तीन तुकड्यांवर काकांनी अख्खं वर्ष काढलं. चित्रकलेच्या परीक्षेत पोपट आला तेव्हा त्यांना वाटलं, आज आपला दिवस आहे. अंग झालं, पंख झाले, पण चोचीला लाल कुठून आणायचा? चोच तपकिरी केली. गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "गांगुर्डे, पोपटानं गूळ खाल्लाय का रे?" सगळा वर्ग हसला. काका ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना सगळ्यांत जास्त तेच हसतात.

पाटबंधारे खात्यात तीस-बत्तीस वर्षं कागदांच्या नकला उतरवायची कारकुनी केल्यावर काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात बारा, चोवीस, छत्तीस रंगांच्या पेट्या घेऊन आले. चंदेरी आणि सोनेरीसकट. काकू म्हणाल्या, "लोकं म्हातारपणी तीर्थाला जातात, आमचे हे बालवाडीत चालले."

मग रविवारचा वर्ग सुरू झाला. पार्किंगमध्ये चटई टाकायची, सोसायटीतली दहा-अकरा पोरं गोळा करायची आणि रंग मिसळायचे. चित्र काढायला काका कधीच शिकवत नाहीत, कारण चित्र त्यांना स्वतःलाही येत नाही. त्यांचा हत्ती आणि त्यांची इस्तरी यांत फरक एवढाच की इस्तरीला शेपूट नसते. पण निळ्यावर पिवळा किती दाबून घासला की कोवळी मेथी होते आणि किती हलका घासला की जून मेथी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

पोरं तुटके तुकडे आणून देतात. एकदा काकांनी ते सगळे वितळवून नवे खडू पाडायचं ठरवलं आणि त्यासाठी काकूंचा तवा घेतला. काकू देवळात गेल्या होत्या. तवा त्यांनी घासला असं ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी काकूंनी आमच्याकडे ज्वारीच्या चार भाकरी पाठवल्या, त्यातल्या दोन कडेनं जांभळ्या होत्या. मी परत द्यायला गेले, तर काका दारातच म्हणाले, "पोटात गेल्यावर कोण बघतंय?" आतून काकूंचा आवाज आला, "आज तुमच्या पोटात काय जातंय ते बघाच."

मीही लहानपणी खडूंच्या बाबतीत एक पराक्रम केला होता. बाबांनी बारा रंगांची पेटी आणली होती आणि माझा असा ठाम समज झाला की बाराही रंग एकावर एक घासले तर जगात कुणी न पाहिलेला तेरावा रंग निघेल. सबंध दुपार घासत बसले. निघाला तो गटारीचा. मी भोकाड पसरलं. हे मी काकांना सांगितलं, तर ते उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाराच्या बारा घासले? मधी सोडून नाय दिलं? मग तू आपल्यातली हायेस."

गेल्या वर्षीपासून वर्गात तोंडी परीक्षा सुरू झाली. काका पेटीतून खडू उचलायचे, उंच धरायचे आणि विचारायचे, "सांगा बरं, कोणता?" पोरं एका सुरात ओरडायची, "जांभळा!" "शाब्बास," असं म्हणून काका तो खडू वापरायचे. प्रत्येक खडूला हाच सोपस्कार. मला कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, या वयातही शिकवण्याची नवी पद्धत काढली.

मग दिवाळीच्या आधी सोसायटीची कुंपणभिंत रंगवायची निघाली. मीटिंगमध्ये कुणीतरी दुकानातलं शेड कार्ड आणलं. काकांनी ते दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं. "मशीनचा रंग काय घेता? भिंतीला आभाळी देऊ. मी मिसळतो." काकांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं तर काकांच्या हातचा रंग म्हटल्यावर सगळे खुशच होते.

रंगारी इस्माईलभाई पांढऱ्या रंगाची बादली घेऊन आले. काकांनी निळ्या स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या गडद रंगाची, बाटली उघडली आणि थोडी ओतली. ढवळलं, बघितलं. आणखी ओतली. दुसरी बाटली उघडली.

इस्माईलभाई म्हणाले, "काका, बस करो. हो गया आसमानी."

"कुठं? पिवळट दिसतोय अजून."

तिसरी बाटली गेली. "काका, अब ये आसमान नहीं रहा, पेन की स्याही हो गई."

"तू रंग मिसळतो का मी?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं आणि भिंत रंगवून झाली. शाईची दौत सांडावी तशी गडद, झगझगीत निळी भिंत. रस्त्यावरचे लोक स्कूटर थांबवून बघायला लागले. काका हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहिले आणि समाधानानं म्हणाले, "किती सौम्य झालाय, नाय?"  तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या साळवेबाईंनी गॅलरीतून आवाज दिला, "काका, एक नंबर! आता चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्हाला वेगळं डेकोरेशन करायला नको!" त्या मनापासून खुश होत्या.

संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "त्यांना दिसत नाय गं नीट. मोतीबिंदू पिकलाय. मला म्हणतात तू दूध पिवळं का आणलं. डॉक्टरचं नाव काढलं का भांडतात. तुझं ऐकतील, तू ने."

मी काकांना सरळ सांगितलं असतं तर ते आले नसते, म्हणून रंगपेटी घ्यायला जाऊ म्हणून रिक्षात बसवलं. आमच्याकडच्या द्वारका चौकात नेहमीप्रमाणे रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना हॉर्न. काकांनी बाहेर डोकावून बघितलं. मग म्हणाले, "दुकान इकडं नाय. डोळ्यावाल्याकडं नेतेस ना?"

मी हो म्हटलं.

"मला ठाऊक हाय सगळं. जांभळा अन् तपकिरी मला एकच दिसतो. वर्ष झालं. म्हणून तर परीक्षा घेतो. पोरं ओरडतात, मला कळतं कोणता खडू हाय ते." हॉर्न जरा थांबले तसे ते पुढे म्हणाले, "डोळ्याची भीती नाय गं मला. पण ऑपरेशन म्हटलं का गावभर होणार. पोरांना कळणार का म्हाताऱ्याला रंगच दिसत नाय. मग कोण येईल रविवारी? आम्हाला काय पोरंबाळं हायेत का? ही पोरं आली तर रविवार होतो, नायतर आठवड्याला वारच नाय."

 त्यांची परीक्षा बघून वर्षभर मी कौतुक करत बसले होते याची लाज वाटली. शेवटी एवढंच म्हटलं, "ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं, काका."

"पोरांना सांग, काका नांदगावला गेले."

मी कबूल केलं. ऑपरेशनची तारीख मंगळवारची मिळाली. त्या दिवशी दुपारी काकांना घरी पोचवून मी वर आले, तर माझी नऊ वर्षांची लेक ओवी शाळेतून येऊन दप्तर टाकत होती.

"काका नांदगावला गेलेत," मी न विचारता सांगितलं.

"आई, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं ना? झालं का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? तू फोनवर तारीख घेताना ऐकलं मी. आणि त्यांना रंग ओळखता येत नाहीत हे आम्हाला कधीपासून माहितीये. म्हणून तर आमचा नियम आहे, परीक्षेत कुणी मस्करी करायची नाही. अर्णवनं एकदा मुद्दाम चुकीचा रंग सांगितला होता, तर आम्ही त्याला दोन रविवार मागे बसवलं."

मी तिथेच सोफ्यावर बसले. ओवी तोवर पायांत चपला सरकवून बाहेर पळाली होती.

अर्ध्या तासानं काकूंना औषधाची चिठ्ठी द्यायला खाली उतरले, तर त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत अकराच्या अकरा पोरं चटई टाकून बसली होती. काका खाटेवर, एका डोळ्यावर पट्टी, चेहरा गोंधळलेला.

"अरे, आज रविवार नाय," ते म्हणाले.

"माहितीये, काका," पोरं म्हणाली.

"मग?"

ओवीनं पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत आम्ही सांगत जाऊ ना रंग. दर रविवारी सांगतोच की."

काका एकेका पोराकडे उघड्या डोळ्यानं बघत गेले, अगदी शेवटच्या पोरापर्यंत. मग त्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, डॉक्टरनं रडू नका म्हणून सांगितलंय!"

"डॉक्टरनं पट्टीतल्या डोळ्याचं सांगितलंय," काका म्हणाले आणि पोरांना जवळ सरकायला जागा करून दिली.