डब्यांवरची नावं

सकाळचे साडेदहा. रीना नालवाडीच्या घरी लॅपटॉप उघडून बसली होती आणि तिचा सहकारी दुर्गेश एका कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकावरून फोनवर ओरडत होता.

"ताई, कापसाचे बावन्न ट्रॅक्टर उभे हायेत! अकराले टोकन सुरू नाई झाले तं मालक आपलं कामच काढून घेतो म्हणते."

ट्रॅक्टरांना रांगेचा नंबर देणारं टोकनचं ॲप रीनानंच बांधलेलं. ते सुरू व्हायला एक पासवर्ड हवा होता. सहा महिन्यांपूर्वी ॲप बांधताना तिनं तो पासवर्ड क्लाउडवरच्या तिजोरीत ठेवला होता, आणखी चार पासवर्डांसोबत. तिथं प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. त्या नावानं मागितला की तिजोरी तो देते. नावावरून आतलं कळू नये, एवढंच तिच्या कंपनीनं बजावलं होतं. रीनाला ते सोपं गेलं. वडनेरच्या ज्या स्वयंपाकघरात ती वाढली, तिथं कुठल्याच डब्यावर खरं लिहिलेलं नसे.

तिनं यादी मागवली.

हळद
जिरं
मोहरी
सुंठ
मेथी

यातलं कोणतं?

हळद. चूक.

मोहरी. चूक.

तिसऱ्या चुकीला दिवसभर कुलूप.

"ताई, एकसष्ट झाले!"

मोहरीच्या डब्यात गूळ. हळदीच्या डब्यात बाबांपासून लपवलेलं त्यांचंच विडीचं बंडल. वरच्या फळीपर्यंत पोचायला पाटावर पाट. सगळं आठवलं. जिभेवर चवसुद्धा आली. पासवर्डाचं नाव तेवढं आलं नाही.

पावणेअकराला तिनं वडनेरला आईला फोन लावला.

"आई, सगळ्यात जपायची वस्तू तू कोणत्या डब्यात ठेवत होती?"

"काऊन वं? या वयात चोऱ्या करतं काय?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"ट्रॅक्टर उभे हायेत, आई!"

"कोनाच्या दारात?"

"सांग ना वं!"

"तुही शाळेची टी.सी., घराचे कागद, सारं मेथीदान्याच्या डब्यात. कडू म्हनून कोनी हात लावत नव्हतं. अन् गूळ मोहरीत. तो मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तुले सापडावा म्हनून. एकदा पाटावरून पडली तू, मंग म्या तो डबाच खालच्या फळीवर आनला."

रीनाला क्षणभर ट्रॅक्टर आठवेनात.

मग तिनं मेथी लावली. टोकन नंबर एक निघाला.

दुपारी कंपनीचा फॉर्म आला. पासवर्डाची जागा आणखी कोणाला माहीत आहे? रीनानं प्रामाणिकपणे लिहिलं: सुलोचनाबाई, वडनेर, आणि पुढे फोन नंबर. हुद्दा: आई.

पुढच्या आठवड्यात ॲप पुन्हा अडलं. रीना मीटिंगमध्ये, फोन बंद. दुर्गेशनं फॉर्म काढला आणि थेट वडनेरला फोन लावला.

"काकू, मी रीनाताईच्या ऑफिसातला दुर्गेश. त्या दिवशी ताईले कोणता डबा सांगतला होता?"

सुलोचनाबाईंनी फळीवरच्या डब्यांकडे एकदा पाहिलं.

"डबा? आमच्या घरी डबेच नाईत, भाऊ."